तुकडा तपासायला पाठवलाय

रक्त सकाळी दिलं की रिपोर्ट संध्याकाळी हातात पडतो. मग एन्डोस्कोपीतून काढलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्याला इतके दिवस का लागतात, हा प्रश्न ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला कधी ना कधी विचारलाय. विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसतो, धास्ती असते. ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ हे वाक्य घरात एकदा उच्चारलं गेलं की सगळ्यांचे कान फोनकडे लागतात. ‘तिकडे नुसता पडून असेल’ असं कोणीतरी वैतागून म्हणतं, आणि ते मला मनापासून लागतं. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तो तुकडा आमच्याकडे एक तासही नुसता पडून नसतो.

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असं चित्र असतं की तुकडा येतो, डॉक्टर तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि बघून सांगतात. पण तसाच्या तसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काही म्हणजे काही दिसत नाही. त्यातून उजेड आरपार जात नाही. तो मऊ असतो, त्यामुळे पातळ कापता येत नाही. आणि समजा कापलाच, तरी पेशींना स्वतःचा म्हणावा असा रंग नसतो. म्हणून त्याला आधी टिकवायचं, मग मेणात बसवायचं, मग केसाच्याही कितीतरी पट पातळ कापायचं आणि मग रंगवायचं. पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे तुकडा बघून निदान करणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते इतक्या हातांतून तयार होऊन येतं. त्यामुळे माझं ठाम मत आहे, की निदान चुकायचं असेल तर पुष्कळदा ते सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचायच्या आधीच चुकलेलं असतं.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी तर आमच्या लॅबमध्ये घडतच नाही. ती ऑपरेशनच्या टेबलाशेजारी घडते. तुकडा शरीरापासून सुटला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि पेशींमधली विकरं पेशींनाच आतून खायला लागतात. जंतू नंतर येतात, पेशीचा स्वतःचाच कारखाना तिच्यावर आधी उलटतो. हे थांबवायचं काम फॉर्मॅलिनचं. फर्डिनांड ब्लुम हे जर्मन डॉक्टर १८९३ मध्ये फॉर्माल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासून बघत होते. ते हाताळताना आपल्या बोटांची कातडी कडक झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि पेशीजाल (टिश्यू) टिकवायला हे द्रव्य वापरता येईल असं त्यांना सुचलं. आज जगभर जे वापरतात ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. ते प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये छोटे छोटे पूल बांधतं, आणि जी गोष्ट जिथे आहे तिथेच जखडून ठेवतं.

पण त्याला वेळ लागतो, आणि या वेळेला पर्याय नाही. फॉर्मॅलिन पेशीजालात तासाला साधारण १ मिलिमीटर शिरतं, आणि जितकं आत जावं तितकी ही गती मंदावते. नुसतं शिरून भागत नाही, पूल बांधायला आणखी तास लागतात. तुकड्याच्या निदान १० पट तरी फॉर्मॅलिन हवं. आमच्याकडे मात्र कधी अख्खं गर्भाशय कोंबलेली छोटी बरणी येते, वर दोन बोटं द्रव तरंगत असतो. बाहेरून छान कडक आणि करडं झालेलं ते गर्भाशय कापलं की मधे लालसर, लिबलिबीत मांस निघतं, तिथे फॉर्मॅलिन कधी पोचलेलंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे सलाइनमध्ये घालून आलेली बायोप्सी, म्हणजे तपासायला काढलेला तुकडा. दिसायला दोन्ही द्रव सारखेच, स्वच्छ पाण्यासारखे. बाटली उघडल्यावर नाकात झणझणलं नाही, की माझ्या पोटात गोळा येतो. सलाइन काहीही टिकवत नाही. तो तुकडा त्यात रात्रभर राहिला असेल तर पेशींच्या जागी फिकट सावल्या उरतात, आणि मग जगातला कुठलाही रंग त्यांना परत आणू शकत नाही. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचे रिसेप्टर (संप्रेरकं पकडणारी प्रथिनं) आणि हर-टू नावाचं प्रथिन तपासायचं असेल तर तुकडा किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावा असा दंडक आहे. ही चाचणी चुकीने निगेटिव्ह आली तर रुग्णाला उपयोगी पडलं असतं असं औषधच दिलं जात नाही. बाटलीवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची वेळ लिहा, म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते, ते याच्यासाठी.

(हेच फॉर्मॅलिन आमच्या डोळ्यांतून पाणी काढतं. माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत त्याचं नाव पक्कं आहे. कर्करोग शोधण्यासाठी रोज ज्याच्यात हात घालायचा त्याच्यापासूनच स्वतःला जपायचं असतं. चांगला एक्झॉस्ट असलेलं टेबल ही चैन नव्हे, ती गरज आहे.)

मग ग्रॉसिंग. पॅथॉलॉजिस्ट तुकडा मोजतात, वर्णन सांगतात, मोठा अवयव असेल तर नेमका कुठून छेद घ्यायचा ते ठरवतात. गाठ काढली असेल तर तिच्या कडांना शाई लावतात. ती शाई पुढच्या सगळ्या रसायनांत टिकते आणि गाठ कडेपर्यंत पोचली होती का, याचं उत्तर शेवटी स्लाइडवर तीच देते. घेतलेले काप ३-४ मिलिमीटरपेक्षा जाड नसावेत. प्रत्येक काप जाळीदार प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये जातो, आणि कॅसेटवर नंबर पेन्सिलीने किंवा खास प्रिंटरने, कारण साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. अगदी बारीक बायोप्सी कागदात गुंडाळतात, नाहीतर जाळीतून निसटेल. किती तुकडे आले आणि किती ठेवले हे मी दोनदा मोजते. फॉर्मवर चार लिहिलेत आणि बाटलीत तीन असले तर झाकणाची आतली बाजू आधी बघायची. चौथा बहुतेक तिथे चिकटलेला असतो.

रात्रभर प्रोसेसर नावाच्या यंत्रात काय होतं ते थोडक्यात सांगते. तुकड्यात पाणी आहे आणि आपल्याला तिथे मेण भरायचंय. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून आधी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचं, मग झायलिनने अल्कोहोल काढायचं, कारण झायलिनचं अल्कोहोलशीही जमतं आणि मेणाशीही, आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवायचं. यातली एक पायरी अर्धवट राहिली की पुढच्या सगळ्या बिघडतात. पाणी राहिलं तर ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेली मेणाची वडी, मधोमध पिचपिचीत राहतो. उलट, बारीक बायोप्सी मोठ्या तुकड्यांच्या लांब वेळापत्रकात टाकली तर ती इतकी कोरडी पडते की कापताना तिला तडे जातात.

सकाळी एम्बेडिंग, म्हणजे तुकडा मेणात बसवणं. साच्यात गरम मेण ओतायचं, चिमट्याने तुकडा ठेवायचा, गार करायचा. वर्णन एवढंच, पण कुठली बाजू खाली ठेवायची हा निर्णय त्या काही सेकंदांत घ्यावा लागतो. मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं पातं ब्लॉकच्या ज्या पृष्ठभागावर चालतं, ती साच्यात खाली असलेली बाजू. त्वचेचा तुकडा असेल तर तो कडेवर उभाच हवा, म्हणजे वरच्या थरापासून खालच्या चरबीपर्यंतचा पूर्ण छेद मिळतो. आडवा पडला तर मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग किती खोल गेलाय हे मोजताच येत नाही, आणि त्या मोजमापावर पुढचं सगळं अवलंबून असतं. नळीसारखा अवयव असेल तर त्याचं भोक गोल दिसेल असा ठेवायचा. तुकडा दोन मिलिमीटरचा असला की त्याची वरची बाजू कुठली हे भिंगाखाली बघूनच ठरवावं लागतं, आणि तोवर मेण गोठायला लागलेलं असतं.

माझा खरा जीव आहे तो मायक्रोटोमवर. आजही बहुतेक लॅबमध्ये दिसतो तो चाक फिरवायचा मायक्रोटोम चार्ल्स मायनॉट यांच्या १८८६ च्या रचनेतून आलेला आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीला ब्लॉक एकदा खाली येतो, पात्यावरून जातो, आणि वर जाऊन ठरलेल्या मापाने पुढे सरकतो. हे माप ३ ते ४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे त्यातून वीसेक थर निघतील इतकं पातळ. आधी जाडसर काप घेऊन वरचं मेण काढायचं. याला आम्ही ट्रिमिंग म्हणतो. बारीक बायोप्सीत इथेच छाती धडधडते, कारण तुकड्याची पूर्ण जाडीच एक मिलिमीटरच्या आत असते आणि दोन फेऱ्या जास्त फिरवल्या तर त्यातला भाग कचऱ्यात जातो. गेलेलं परत मिळत नाही. रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यायचं, एवढाच उपाय उरतो, आणि कधी कधी तोही नसतो.

ट्रिमिंग झालं की ब्लॉक बर्फावर ठेवायचा. गार मेण कडक होतं आणि बर्फाचं थोडं पाणी तुकड्यात मुरून तो लवचिक होतो. मग एका लयीत चाक फिरवायचं. पहिला काप पात्यावर येतो, दुसरा त्याच्या कडेला चिकटतो, तिसरा दुसऱ्याला, आणि हळूहळू कापांची एक सलग रिबन पात्यावरून उतरायला लागते. हात घाईत असला की ती जाड-बारीक होते. पातं बोथट असेल तर तिच्यावर उभ्या रेघोट्या उठतात. हवा कोरडी असली की रिबन स्थिर विजेने पात्यालाच लपेटते, तेव्हा तिच्यावर अगदी अलगद फुंकर घालायची. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात ओलसर ब्रश घेऊन ती उचलायची आणि वॉटर बाथच्या पाण्यावर सोडायची. पाणी मेणाच्या वितळबिंदूच्या दहाएक अंश खाली, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास. पाण्याला टेकताच सुरकुतलेला काप अंग पसरतो. हा क्षण मला आजही बघत राहावासा वाटतो. पण बघत राहायचं नसतं. जास्त वेळ तरंगू दिला तर पेशी एकमेकींपासून फाकतात, आणि जे चित्र दिसतं ते रोगाचं नसून माझ्या रेंगाळण्याचं असतं. योग्य क्षणी काचेची स्लाइड तिरपी आत घालायची आणि काप तिच्यावर झेलायचा.

दोन ब्लॉकच्या मधे पाण्याचा पृष्ठभाग कागदाने पुसायचा. दर वेळी. एका रुग्णाच्या कापातला सुटलेला कण पाण्यावर तरंगत राहिला आणि दुसऱ्याच्या स्लाइडवर चढला, तर निरोगी माणसाच्या जठराशेजारी दुसऱ्याच्याच कर्करोगाचा एक पुंजका दिसू शकतो. अनुभवी पॅथॉलॉजिस्टना असा पाहुणा कण बहुधा ओळखू येतो. तो वेगळ्याच पातळीवर असतो, शेजारच्या पेशींशी त्याचं नातं जुळत नाही. पण ‘बहुधा’ या शब्दावर कोणाचं आयुष्य टांगायचं नसतं. कागदाने पुसायला तीन सेकंद लागतात.

आता रंग. स्लाइडवरचा काप या टप्प्याला जवळजवळ अदृश्य असतो. पहिले सूक्ष्मदर्शक वापरणारे बराच काळ अशाच फिकट पसाऱ्याकडे डोळे ताणून बघत राहिले. १८५८ च्या सुमारास योसेफ फॉन गेरलाख यांनी किड्यांपासून मिळणाऱ्या कार्मिनने पेशींची केंद्रकं व्यवस्थित रंगवून दाखवली. मग हिमॅटॉक्सिलिन आलं. ते मेक्सिकोच्या कॅम्पेचे भागातल्या लॉगवुड नावाच्या झाडाच्या गाभ्यातून निघतं. कापड रंगवणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं. गंमत अशी, की हिमॅटॉक्सिलिन स्वतः रंग देतच नाही. त्याचं ऑक्सिडीकरण होऊन हिमॅटीन तयार व्हावं लागतं, आणि तेही धातूच्या मदतीशिवाय पेशीला धरत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम ती मदत करतं. हिमॅटीन आणि ॲल्युमिनियमची जोडी धनभारित, केंद्रकातली डीएनए ऋणभारित, आणि म्हणून रंग नेमका केंद्रकात जाऊन बसतो. बोमर यांनी १८६५ मध्ये ही तुरटीची जोड दिली. १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी हिमॅटॉक्सिलिनबरोबर इओसिन हा गुलाबी रंग वापरला. ती जोडी आजतागायत तशीच आहे. इतकं तंत्रज्ञान आलं तरी जगातला बायोप्सीचा जवळजवळ प्रत्येक रिपोर्ट आजही आधी याच दोन रंगांवर उभा राहतो.

हिमॅटॉक्सिलिनमधून बाहेर आलेली स्लाइड आधी लालसर जांभळी दिसते, आणि सगळीकडे जरा जास्तच रंगलेली असते. मग ती आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये काही क्षण बुडवायची. इथे घड्याळापेक्षा डोळा महत्त्वाचा. काढून, धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं: पार्श्वभूमी साफ झाली का, केंद्रकं उठून दिसतात का? एक बुडी कमी पडली तर सगळं धुरकट, एक जास्त झाली तर केंद्रकातली जाळी पुसून गेलेली. आणि कर्करोग आहे की नाही हे त्या जाळीच्या बारीकसारीक नक्षीवरूनच तर ओळखायचं असतं. मग वाहत्या पाण्याखाली धरायचं. पाणी किंचित अल्कलाइन असेल तर डोळ्यांदेखत लालसर रंग निळा होत जातो. पाणी आम्लधर्मी असेल तर हा निळेपणा येत नाही, तेव्हा अमोनियाचे थेंब घातलेलं पाणी वापरायचं.

इओसिनचं काम लोक सोपं समजतात. चांगल्या इओसिनच्या स्लाइडवर गुलाबी रंगाच्या किमान तीन छटा दिसायला हव्यात. लाल रक्तपेशी सगळ्यात भडक, स्नायू त्याहून सौम्य, आणि कोलॅजनचे आधार देणारे तंतू अगदी फिकट. सगळं एकसारखं गुलाबी आलं तर ती स्लाइड मी डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवत नाही. त्यांनी चालवून घेतली असती, तरीही. नंतर पुन्हा अल्कोहोल, झायलिन, डीपीएक्स या चिकट द्रवाचा थेंब आणि त्यावर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तो नेमका महत्त्वाच्या जागेवर येतो, असा माझा अनुभव आहे.

विशेष रंगांबद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख होईल. एकाबद्दल मात्र सांगायलाच हवं. अमिलॉइड, म्हणजे अवयवांत साचणारं बिघडलेलं प्रथिन शोधायला काँगो रेड हा रंग वापरतात, आणि ध्रुवित प्रकाशात ते हिरवं चमकतं. त्यासाठी काप मुद्दाम ८ ते १० मायक्रॉन जाड घ्यावा लागतो. पातळ कापात ती चमक इतकी क्षीण पडते की रोग असूनही दिसत नाही. एरवी दिवसभर पातळ कापण्यासाठी धडपडणाऱ्या हाताला तेव्हा आठवणीने जाड कापावं लागतं.

‘ऑपरेशन चालू असताना तर वीस मिनिटांत सांगतात की!’ हा मुद्दाही लोक मांडतात, आणि तो रास्त आहे. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लुई विल्सन यांनी तुकडा गोठवून, कापून, मेथिलिन ब्लूने रंगवून ऑपरेशन संपायच्या आत उत्तर द्यायची पद्धत बसवली. आज त्यासाठी उणे २० अंशांचा क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवणाऱ्या पेटीतला मायक्रोटोम असतो. पण गोठताना पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशीजालात भोकं पाडतात. चित्र फाटकं दिसतं. सर्जनने आणखी कापावं की थांबावं, एवढ्या प्रश्नाला ते पुरतं. पुढच्या उपचारांची दिशा ठरवायला तोच तुकडा आम्ही नंतर फॉर्मॅलिन आणि मेणातून घालवतो, आणि अंतिम उत्तर त्यावरूनच देतात.

मेणाच्या ब्लॉकचं आयुष्य मोठं असतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा असाच फॉर्मॅलिन आणि मेणात जपून ठेवलेला होता. जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून त्या विषाणूच्या जनुकांचे भाग वाचून १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालणाऱ्याला विषाणू म्हणजे काय, याचीही धड कल्पना नसणार. त्याने आपलं काम नीट केलं होतं, म्हणून जवळजवळ ८० वर्षांनी ते वाचता आलं. असं काही वाचलं की मी रेकॉर्ड रूममधल्या आमच्या कपाटांकडे वेगळ्या आदराने बघते.

आता तर ब्लॉकमधल्या प्रत्येक मायक्रॉनला मागणी आहे. फुप्फुसातून सुईने काढलेल्या धाग्यासारख्या तुकड्यावर आधी साधा रंग, मग ठरावीक प्रथिनं शोधणाऱ्या तीन-चार अँटिबॉडी, मग जनुकांची चाचणी, आणि या सगळ्याला पुरायचं असतं ते एवढंसं पेशीजाल. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून विचारतात, “अजून काही उरलंय का गं ब्लॉकमध्ये?” ब्लॉक एकदा मायक्रोटोमवरून उतरवला आणि दोन दिवसांनी पुन्हा चढवला, की त्याचा पृष्ठभाग पात्याशी नव्याने जुळवावा लागतो. त्या जुळवण्यातच कितीतरी काप वाया जातात. म्हणून अशा बायोप्सीचे कोरे, न रंगवलेले जादा काप मी पहिल्याच बैठकीत काढून नंबर घालून ठेवते. मात्र त्यासाठी ही बायोप्सी त्या प्रकारची आहे हे मला आधी कळायला हवं. फॉर्मवर क्लिनिकल माहितीच्या रकान्यात ‘फुप्फुसात गाठ, सिगारेटची सवय, कर्करोगाची शंका’ एवढं कोणी लिहिलेलं असलं तरी पुरतं. कोरा रकाना आला तर मी फोन करून विचारते आणि मगच ब्लॉक बर्फावर ठेवते.